उरलेला रस्सा पुन्हा उकळला की तो निर्धोक होतो का?

माजघर : कार्यात उरलेला मटणाचा रस्सा दुसऱ्या दिवशी खळखळून उकळला की त्यातला दोष जातो, या समजुतीला माझा विरोध आहे. उकळीने जिवाणू मरतात, पण त्यांनी अन्नात आधीच सोडलेले विष नाहीसे होईलच असे नाही. स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जिवाणूचे विष उकळीला दाद देत नाही. बाहेर राहिलेल्या भातात बॅसिलस सेरियस हा जिवाणू जे सेरुलाइड नावाचे विष तयार करतो, ते तर १२१ अंश सेल्सिअसलाही टिकते, म्हणजे त्यापुढे कुकरचाही इलाज चालत नाही. अशा विषांनी आतड्याचे अस्तर फाटते. तेव्हा उरलेले अन्न सरळ टाकून द्यावे.

पंगत : हे मला मुळीच मान्य नाही. मी खाणावळ चालवते आणि उरलेले अन्न नीट उकळूनच वाढते. आपल्याकडे फोडणीचा भात पिढ्यान्‌पिढ्या खाल्ला जातो. सरसकट टाकून द्या असे सांगणे म्हणजे अन्नाची नासाडी शिकवणे आहे.

परीक्षानळी : माजघर, आपण भाताबद्दल लिहिलेत ते बरोबर आहे, पण रस्स्याचे उदाहरण चुकले आहे. मोठ्या पातेल्यातल्या मांसाहारी रस्स्यात मुख्य धोका क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स या जिवाणूचा असतो. त्याचे बीजाणू, म्हणजे उष्णता सोसणारी सुप्त रूपे, पहिल्या उकळीतून वाचतात आणि रस्सा सावकाश निवू लागला की त्यांतून निघालेले जिवाणू झपाट्याने वाढतात. ४५ अंशांच्या आसपास त्यांची संख्या साधारण दहा मिनिटांत दुप्पट होऊ शकते. मात्र त्यांचे विष प्रामुख्याने पातेल्यात नव्हे, तर जिवंत जिवाणू मोठ्या संख्येने पोटात गेल्यावर आतड्यात बीजाणू बनवू लागतात तेव्हा तयार होते. त्यामुळे येथे दुसरी उकळी खरोखर उपयोगी पडते, फक्त ती कडेलाच नव्हे, तर पातेल्याच्या मध्यापर्यंत पोहोचली पाहिजे.

या विषाची कृती पाहण्यासारखी आहे. आतड्याचे अस्तर एकाच थराच्या पेशींचे असते आणि शेजारच्या पेशी क्लॉडिन नावाच्या प्रथिनांनी एकमेकींना घट्ट सांधलेल्या असतात. विषाचे रेणू नेमके काही क्लॉडिनांनाच चिकटतात, एकत्र येऊन पेशीच्या आवरणात छिद्र पाडतात, त्यातून कॅल्शियम आत शिरते आणि पेशी मरते. सांधे सुटतात, पाणी व क्षार बाहेर झिरपतात, आणि जेवणानंतर साधारण ६ ते २४ तासांत पोटात कळा येऊन जुलाब सुरू होतात.

परंतु ‘अस्तर फाटते’ हे सगळ्याच विषांना लागू नाही. कोलकात्याच्या शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये सशाच्या आतड्यावरील प्रयोगांतून कॉलऱ्याचे विष दाखवून दिले. ते विष अस्तर जवळजवळ शाबूत ठेवून पेशींना क्षार व पाणी ओतायला लावते. साखर आणि सोडियम एकत्र शोषणारी वाट त्यात चालू राहते, म्हणूनच मीठ-साखरेच्या पाण्याने कॉलऱ्याचा रुग्ण वाचतो.

माजघर : रस्स्याबद्दलची चूक मान्य. अस्तर फाटते हे मी सरसकट लिहायला नको होते. पण स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या माणसाला पातेल्यात कोणता जिवाणू आहे हे कसे कळणार? वास बिघडत नाही, चव बदलत नाही. अशा वेळी उकळीवर विश्वास टाकण्यापेक्षा अन्न टाकणे मला अजूनही शहाणपणाचे वाटते.

पंगत : कळत नाही, म्हणूनच वेळ पाळायची. पूर्वी आमच्याकडे रस्सा पातेल्यातच झाकून ठेवत. सकाळी वर तवंग गोठलेला असायचा आणि तळाला हात लावला तर तो अजून कोमट लागायचा. आता रात्रीच तो पसरट परातींत ओततो, परातीखाली बर्फाचे पाणी ठेवतो आणि निवताच फ्रीजमध्ये हलवतो. भातही तसाच. जो भात रात्रभर ओट्यावर राहिला, त्याची फोडणी मीही करणार नाही, एवढे आपले म्हणणे मी स्वीकारते. परातीत वेळेवर निववलेला रस्सा मात्र मी टाकणार नाही.