मदत हवी आहे: चिनाब पुलाची कमान मॉडेलमध्ये अधांतरी कशी धरायची?

नमस्कार मंडळी. जम्मूच्या रियासी जिल्ह्यातल्या चिनाब रेल्वे पुलाचं मॉडेल करतोय. नदीपात्रापासून 359 मीटर उंची आणि 467 मीटरची पोलादी कमान. आकडे पाठ आहेत, पण मला नुसता तयार पूल नको, तो उभा राहतानाची अवस्था दाखवायची आहे.

एवढ्या खोल दरीत खालून आधार देणं शक्यच नव्हतं. म्हणून दोन्ही काठांवरून कमानीचे अर्धे भाग पुढे पुढे वाढवत नेले, मागून केबलनी ताणून धरले आणि एप्रिल 2021 मध्ये ते मधोमध जोडले. मला सगळ्या पुलात हाच टप्पा सर्वात देखणा वाटतो.

माझी अर्धकमान बाल्साच्या (मॉडेलसाठी वापरतात त्या हलक्या लाकडाच्या) पट्ट्यांची आहे. टोकाशी दोरा बांधून मागे ताणला की टोक वर उचललं जातं, पण मधला भाग खाली वाकतो आणि पायथ्याजवळचे डिंकाचे सांधे उकलायला लागतात. दोरे किती ठिकाणी बांधावेत? आधी कोणता ताणायचा? पायथा घट्ट चिकटवू, की जोडणी होईपर्यंत बिजागरीसारखा थोडा हलता ठेवू?

स्ट्रक्चरल इंजिनिअर किंवा पुलांच्या कामावरचं कुणी असेल तर कृपया सविस्तर सांगा. शेवटचा मधला तुकडा बसवताना दोन्ही टोकं एका रेषेत कशी आणतात, हेही जाणून घ्यायचंय. हाताने काढलेली आकृती टाकलीत तरी खूप उपयोग होईल.