ताठ बसण्याबद्दल थोडं

कुणीतरी लिहिलंय की बसून काम करताना आठ तास पाठ काटकोनात ठेवली की कंबरदुखी जाते. मला ते पटत नाही. 2006 मध्ये स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबरडीनला बसलेल्या माणसांचे एमआरआय काढले, तेव्हा 90 अंशांपेक्षा 135 अंशांत मागे रेलल्यावर मणक्यांमधल्या चकत्यांवर कमी ताण दिसला. आता इतकं रेलून टायपिंग कोण करणार! पण खुर्चीची पाठ जरा मागे आणि कमरेच्या खोलगट भागाला टॉवेलची गुंडाळी, एवढं जमतं.

आमच्या इंदूरच्या कापड बाजारात काही पेढ्यांवर अजून गादीवर मांडी घालूनच बसतात, फक्त वहीच्या जागी लॅपटॉप आलाय. असं बसल्यावर कंबर मागे कलते, पाठ गोल होते. बुडाखाली जाडसर उशी घ्या. गुडघे खाली गेले की पाठ आपसूक वर येते. लॅपटॉपही डेस्कवर चढवा, नाहीतर मान झुकणारच.

आणि अर्ध्या-पाऊण तासाने उठायचंच. चहा जागेवर मागवू नका, टपरीपर्यंत जा.

दुखणं पायात उतरत असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवा. पायातली ताकद किंवा लघवीवरचा ताबा जातोय असं वाटलं तर त्याच दिवशी.