माहिती अधिकार: पत्रावर 30 जून, पाकिटावर 11 जुलै. पैसे भरू की अपील करू?

मंडळी, एका बारीकशा गोष्टीवर अडलोय. जाणकारांनी सांगावं.

वस्तीपासून शाळेपर्यंतचा डांबरी रस्ता गेल्या हिवाळ्यात झाला आणि पहिल्याच पावसात खडी वर आली. म्हणून बांधकाम उपविभागात जोडपत्र 'अ' भरून, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज दिला. कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका, बिलं, 'संबंधित सर्व कागदपत्रं' असं मागितलं. पोच 2 जूनची, गोल शिक्क्यासकट.

14 जुलैला साध्या टपालाने पत्र आलं. पानं 486, पानाला 2 रुपये, 972 भरा आणि घेऊन जा. पत्रावर तारीख 30 जून, पण पाकिटावर पोस्टाचा शिक्का 11 जुलैचा! पाकीट फेकलंच होतं, लेकीने तिकिटासाठी उचललं तेव्हा लक्ष गेलं.

कलम 7(6) प्रमाणे 30 दिवसांची मुदत चुकली तर माहिती फुकट द्यावी लागते. मुदत 2 जुलैला संपली. पत्रावरची तारीख धरली तर ते वाचतात, शिक्क्याची धरली तर नाही. कोणती धरतात? आणि आत्ता 972 भरले तर अपिलात परत मागता येतात का? तिथला लिपिक म्हणतो, "भरून मोकळे व्हा, अपील आमच्याच वरच्या साहेबांकडे जाणार." तेही खोटं नाही म्हणा.

प्रतिसाद १
पाकीट जपा, पण नुसत्या त्यावर राहू नका. त्यांची जावक नोंदवही बघायला मागा. पत्र मागाहून घुसवलं असेल तर दोन ओळींच्या मधे चिकटवलेला '412-अ' असला क्रमांक सापडतो. पाहणीचा पहिला तास फुकट असतो. जोडपत्र 'ब', 20 रुपयांचा स्टॅम्प, पत्र मिळाल्यापासून 30 दिवसांच्या आत अपील टाकाच. पैसे भरायची वेळ आली तर 'हरकत राखून' असं लेखी देऊन भरा.
आणि 486 पानं कशाला हवीत? पुस्तिकेत तुमच्या रस्त्याची आठ-दहा पानं असतील. थराची जाडी तिथेच लिहिलेली असते.

धागाकर्ता
'सर्व कागदपत्रं' लिहून मीच घोळ घातला तर. पाहणीला जातो, टेप घेऊन रस्ताही मोजतो. पाकीट लेकीकडून परत मिळवायचंय, तिने तिकीट कापून वहीत चिकटवलंय. शिक्का अर्धा तिकिटावर आहे. चालेल ना?