शेजारच्या शेतातून गेलेली पाइपलाइन आणि नव्या मालकांची हरकत

प्रश्न (रावेर तालुका)
नमस्कार मंडळी. आमची विहीर एका गटात आणि केळीचा मळा दुसऱ्या गटात असून मधले शेत शेजाऱ्यांचे आहे. वडिलांच्या हयातीत त्या शेताच्या तेव्हाच्या मालकांनी तोंडी होकार दिला, म्हणून आम्ही स्वखर्चाने पाइप पुरला. कागद मात्र केला नाही. पुढे ते शेत विकले गेले. यंदा नव्या मालकांच्या नांगरटीत फाळ लागून पाइप फुटला आणि त्यांच्या वावरात पाणी साचले. आता ते पाइप काढून घ्या म्हणतात आणि दुरुस्तीसाठीही आत येऊ देत नाहीत. केळी निसवणीवर आहे, म्हणजे घड बाहेर पडत आहेत. या उन्हात पाण्याचा खंड पडला तर घड पोसणार नाहीत. आमचा काही हक्क आहे का?

उत्तर १ (धुळे)
दादा, तोंडी होकारावर विसंबू नका. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, 1882 (दुसऱ्याच्या जमिनीतून वाट किंवा पाणी नेण्यासारख्या हक्कांचा कायदा) नुसार अशी परवानगी हा केवळ परवाना ठरतो आणि कलम 59 प्रमाणे जमीन हस्तांतरित झाली की तो नव्या मालकावर बंधनकारक राहत नाही. पाइप 20 वर्षांहून अधिक काळ उघडपणे, विनाखंड आणि हक्काने वापरात असेल, तर कलम 15 खाली सुविधाधिकाराचा दावा करता येतो. पण ‘हक्काने’ या शब्दापाशीच अडचण आहे, कारण परवानगीने केलेला वापर त्यात बसत नाही. म्हणून दिवाणी दाव्यावर सगळी भिस्त ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

उत्तर २ (चोपडा तालुका)
तुमच्यासाठी खरा मार्ग महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 चे कलम 49 हा आहे. स्वतःचा हक्क असलेल्या स्रोतातून शेतीसाठी दुसऱ्याच्या जमिनीतून पाणी न्यायचे असेल आणि मालक संमती देत नसेल, तर तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. दोन्ही बाजूंचे ऐकून आदेश होतो. पाइप जमिनीच्या पृष्ठभागापासून किमान अर्धा मीटर खोल असावा लागतो, शेतीचे कमीत कमी नुकसान होईल अशा रीतीने तो न्यावा लागतो, आणि नुकसानभरपाई तसेच देखभाल अर्जदाराकडे असते. अर्जाला दोन्ही गटांचे सातबारा आणि नकाशा जोडा, विहिरीवरील हक्काची नोंद दाखवा. पाइप मुद्दाम तोडला असेल, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 खालीही दाद मागता येते. मात्र त्यासाठी सहा महिन्यांची मुदत आहे.

उत्तर ३ (यावल तालुका)
मी पलीकडच्या बाजूचा आहे. माझ्या वावरातून दुसऱ्यांची पाइपलाइन जाते. आपली काळी जमीन उन्हाळ्यात फाटते, पावसाळ्यात फुगते आणि त्या हालचालीत उथळ पाइपाचे सांधे निखळतात. गळती कुठे आहे ते कपाशी पिवळी पडल्यावरच लक्षात येते, तोवर पीक गेलेले असते. नव्या मालकांना शेत घेताना पाइपाची कल्पना कोणी दिली होती का, हेही विचारून पाहा. फाळ लागला याचा अर्थ पाइप वर होता. तो खोल घेण्याचा आणि शक्य असल्यास बांधाकडेने वळवण्याचा खर्च तुम्ही उचलायला हवा. आमच्याकडे तसा करार झाला: पिकाची भरपाई पंचनाम्यानुसार, आणि खणल्यावर जमीन पूर्ववत सपाट करून देणे.

प्रश्नकर्ते
आपणा सर्वांचा मनापासून आभारी आहे. गावातल्या दोन वडीलधाऱ्यांना बरोबर घेऊन आज संध्याकाळी नव्या मालकांकडे जातो आणि पाइप बांधाकडेने खोल टाकण्याचा, तसेच साचलेल्या पाण्याने झालेल्या नुकसानीचा खर्च देण्याचा लेखी प्रस्ताव ठेवतो. कलम 49 चा अर्जही तयार ठेवतो.