टिसॉ पीआरएक्स घ्यायचंय, ऑटोमॅटिक की सेलवालं? (बजेट 75 हजार)

केळीवाला_रावेर: मंडळी, बाग कापून झाली, व्यापाऱ्याचे पैसे हातात आले. आता एक चांगलं घड्याळ घ्यायचंच. पीआरएक्सची निळी डायल डोक्यातून जात नाही. बजेट 75 हजार, वर एक रुपया नाही. मनगट बारीक आहे. डायलकडून रुंदी 40 मिमीची घेऊ की 35? रोज वापरणार, शेतात पण.

भुसावळ_जंक्शन: ऑटोमॅटिकच घे भो, सेल नाही, हाताच्या हालचालीवर चावी भरते. पूर्ण चावी असली की 80 तास चालतं. शुक्रवारी संध्याकाळी काढून ठेवलं तरी सोमवारी सकाळी चालूच. माझं 40 चं, काळं. ड्युटीवर सगळे विचारतात कितीचं म्हणून.

सुवर्णनगरी: जळगाव जिल्ह्यात राहून स्टीलवर पैसे कशाले घालतो? सोनं घे.

दुबईरिटर्न_धुळे: आयडब्ल्यूसी या स्विस कंपनीचं इंजिनिअर बघ. 2023 मध्ये नव्या रूपात आलं. 120 तास चालतं, आत मऊ लोखंडाचं कवच, चुंबकाचा त्रास नाही. मी तेच घालतो. दोन हंगाम थांब, पण घेशील ते हेच घे.

केळीवाला_रावेर: भाऊ, बजेट वर लिहिलंय.

जुनं_ते_सोनं: पीआरएक्सचं डिझाइनही घड्याळांचा नामी डिझायनर जेराल्ड जेंटाचंच आहे.

तापीकाठ: नाही हो. जेंटाची महागडी घड्याळं म्हणजे रॉयल ओक 1972 चं, नॉटिलस आणि पहिलं इंजिनिअर एसएल 1976 चं. टिसॉचं मूळ घड्याळ 1978 चं, त्यात जेंटा नाही. 2021 मध्ये ते परत आणलं आणि रॉयल ओक न परवडणारे आपण सगळे तिकडे धावलो.
आता कामाचं. चेन घड्याळाच्या डबीतूनच (केस) निघते, त्यामुळे 40 चं घड्याळ मनगटावर 40 पेक्षा मोठं दिसतं. बारीक हातावर पहिल्या कडीखाली फट राहते. फोटोवर जाऊ नको, घालून बघ. साधा पट्टाही त्याला बसत नाही.

चोपडेकर: कड्या काढायला कुठल्याही दुकानात देऊ नका! माझ्या चेनची पिन ठोकताना हत्यार घसरलं, चकचकीत कडेवर सरळ ओरखडा. वर म्हणे आधीपासूनच होता. आजही बघितलं की डोकं तापतं.

भुसावळ_जंक्शन: परत सांगतो, ऑटोमॅटिक. आणि चेनच ठेव. मे महिन्यात इकडे चामड्याच्या पट्ट्याचं घामाने वाटोळं होतं.

यावल_बागायत: केळीचा चीक चेनच्या सांध्यात बसतो आणि काळा पडतो. घरी आलं की साबणाचं पाणी आणि मऊ ब्रश. 100 मीटरचं आहे, पाण्याला भ्यायचं कारण नाही. फक्त बाजूची चावी आत दाबलेली आहे ना ते बघायचं.

सुवर्णनगरी: सोन्याला चीक लागला तरी भाव कमी होत नाही.

केळीवाला_रावेर: जळगावला जाऊन दोन्ही घालून पाहिली. 40 ला फट दिसलीच. 35 घेतलं, निळं, सेलवालं. ऑटोमॅटिक हातावर जाड वाटलं. कड्या तिथेच समोर बसून काढून घेतल्या. उरलेल्या पैशात ठिबकच्या नळ्या बदलतोय. तापीकाठ, यावलवाले, आभार.

भुसावळ_जंक्शन: 75 हजार हातात असताना सेलवालं? काय भो!