मदत हवी आहे: पेरिकार्डियल फ्लुइड टाकूनही पेशी वाढेनात!

रखडलेला_पीएचडी: शुक्रवारी गाईडला आकडे दाखवायचेत, म्हणून थेट मुद्द्यावर येतो. हृदयाभोवतीच्या पिशवीतलं पाणी (बायपासच्या वेळी काढलेलं, परवानग्या आहेत, प्रवचन नको) पेशींवर टाकतोय. त्यात एफजीएफ-२ हा पेशी वाढवणारा घटक असतो, म्हणजे वाढ दिसायला हवी ना? तीनदा केलं. एमटीटीत (जिवंत पेशींचा अंदाज देणारी रंगचाचणी) कंट्रोल आणि टेस्ट जुळी भावंडं. काय चुकतंय?

पेट्रीताई: पेशी कुठल्या? मीडियात (पेशींच्या खाद्यद्रवात) सीरम, म्हणजे रक्तद्रव किती? किती तास ठेवता? डॉक्टरांना फोनवर "दुखतंय" एवढंच सांगून फोन ठेवलात की हो.

झाकलं_माणिक: अर्जुनसाल दुधात उकळून रोज सकाळी. हृदय बळकट होतं, स्वानुभव.

रखडलेला_पीएचडी: काका, पेशी डिशमध्ये आहेत.

गुळगुळीत_पिपेट: मुळात "वाढ" म्हणजे काय मोजताय? हृदयाची स्नायूपेशी जन्मानंतर थोड्याच दिवसांत विभाजन जवळपास बंद करते. मग ती वाढते ती अंगाने. एमटीटीत तो जाडपणा नीट कळत नाही. अल्फा-ॲक्टिनिन (स्नायूचं प्रथिन) रंगवून पेशीचं क्षेत्रफळ काढा, एएनपी (हृदयपेशी जाड होताना वाढणारं संप्रेरक) बघा, सोबत पेशी हमखास जाड करणाऱ्या फिनाइलएफ्रीनचा पॉझिटिव्ह कंट्रोल लावा. आणि फायब्रोब्लास्ट (जोडऊतीच्या पेशी) सांभाळा! मी एकदा घाईत रॅटच्या पिल्लांच्या पेशी प्री-प्लेटिंग (फायब्रोब्लास्ट आधी वेगळ्या काढणं) न करताच लावल्या. चौथ्या दिवशी धडधडणारी चार बेटं, आणि भोवती नुसतं लांबुडक्या पेशींचं गवत. वाढ दणदणीत, पण भलत्याचीच.

रखडलेला_पीएचडी: एच९सी२ आहेत, रॅटच्या गर्भाच्या हृदयातून काढलेल्या तयार पेशी. सीरम नेहमीचंच, १०%. ४८ तास.

पेट्रीताई: हे आधी सांगायचं! १०% सीरम म्हणजे आयजीएफ, पीडीजीएफ अशा सगळ्या वाढघटकांची पंगत. पोटभर जेवलेल्याला वरून चमचाभर वाढताय, तो कशाला हात लावेल? आधी २४ तास ०.५% वर उपाशी ठेवा, मग फ्लुइड द्या. श्रेय एफजीएफ-२ लाच द्यायचं असेल तर त्याला निकामी करणारी न्यूट्रलायझिंग अँटिबॉडी घातलेली एक विहीर (प्लेटमधला खड्डा) हवीच.

गुळगुळीत_पिपेट: एच९सी२ म्हणजे हृदयपेशी नव्हेतच. धडधडतात का कधी?

पेट्रीताई: सगळ्यांच्या दाराशी ॲनिमल हाउस नसतं, साहेब. आणि त्या विभागतात, त्यामुळे तुम्ही नाकारलेली एमटीटी इथे निदान संख्येपुरती तरी चालेल. पॅसेज कितवा, म्हणजे पेशी कितव्यांदा नव्या डिशमध्ये हलवल्यात?

चहाबिस्किट: २०१३ मध्ये तरुण उंदराच्या रक्तातल्या जीडीएफ-११ या प्रथिनामुळे म्हाताऱ्या उंदराचं जाड झालेलं हृदय बारीक झालं होतं ना? ते टाकून बघा.

गुळगुळीत_पिपेट: २०१५ मध्ये दुसऱ्यांना ते जमलं नाही. आणि यांना पेशी वाढवायच्यात हो, बारीक नाही करायच्या!

काळजीतली_लेक: बाबांच्या हृदयाभोवती पाणी झालंय. म्हणजे त्यांचं हृदय वाढतंय का?

पेट्रीताई: ताई, तो वेगळा विषय. तिथे साधारण १५ ते ५० मिली पाणी सगळ्यांच्याच असतं. जास्त का झालं ते हृदयरोगतज्ज्ञच सांगतील, इथे थांबू नका.

ओटीतला_मामा: फ्लुइड हेपारिन (रक्त गोठू न देणारं औषध) देण्याआधी काढलं की नंतर? एफजीएफ-२ हेपारिनला चिकटतो. आणि रंग कसा आहे? लाल असेल तर रक्त मिसळलंय, मग प्लेटलेटमधले वाढघटकही आलेच.

रखडलेला_पीएचडी: तीनपैकी दोन नळ्या गुलाबी आहेत, तिसरी पिवळसर. हेपारिनचं उद्या रेसिडेंटला गाठून विचारतो. उपाशी ठेवणं आज रात्रीच सुरू. पॅसेजचं मात्र विचारू नका, कुपीवर "पी-२" एवढंच वाचता येतंय, पुढचा आकडा स्पिरिटने पुसलाय.