संदेष्टा म्हणजे ज्योतिषी नव्हे: नाताळच्या वचनांविषयी

फतेहगंजकर:
गेल्या रविवारी आमच्या बडोद्याच्या मंडळीत (चर्चमध्ये) बायबलातील संदेष्टा यशया याचे ७:१४ हे वचन, 'कुमारी गर्भवती होऊन पुत्राला जन्म देईल', वाचले गेले आणि सातशे वर्षांपूर्वीचे भाकीत बेथलेहेमात तंतोतंत खरे ठरले, असे नेहमीप्रमाणे सांगण्यात आले. मला ही मांडणी पटत नाही. इ. स. पू. ७३५ च्या सुमारास अराम आणि इस्राएल या शेजारी राज्यांनी मिळून यहूदाच्या यरुशलेमेवर चाल केली तेव्हा तेथला आहाज राजा घाबरला होता, आणि यशया त्याला धीर देतो की, जन्माला येणाऱ्या बालकाला बरेवाईट कळू लागण्याआधीच या दोन्ही राजांचा देश उजाड होईल. सातशे वर्षांनी दिसणारे चिन्ह त्या आहाजाच्या काय कामाचे? मूळ हिब्रू शब्द 'अल्मा', म्हणजे उपवर तरुणी. ग्रीक भाषांतरात त्याचा 'पार्थेनोस', म्हणजे कुमारिका झाला आणि येशूचे चरित्र सांगणाऱ्या शुभवर्तमानात मत्तयाने तोच घेतला. (आपला 'कुमारी' शब्द दोन्ही अर्थ सांभाळून घेतो.) मत्तय भाकिताचा ताळा जुळवत नव्हता, जुन्या वचनात त्याला देवाचा आवाज नव्याने ऐकू आला, असे मी मानतो. आपल्या मराठी शास्त्रातही (बायबलात) शब्द 'संदेष्टा', म्हणजे देवाचा संदेश सांगणारा, असा आहे.

निजामपुरा:
शब्दावरून निकाल लागणार नाही. माझ्या आजीच्या शास्त्राची पाठ सुटली म्हणून तिला लुगड्याचा काठ चिकटवलेला आहे. त्या जुन्या प्रतीत 'भविष्यवादी' असेच छापले आहे. यशयाचे एकवेळ सोडून देऊ, पण संदेष्टा मीखाच्या ५:२ चे काय करणार? ख्रिस्ताचा जन्म कोठे व्हायचा, असे हेरोद राजाने विचारताच याजकांनी त्याच वचनाच्या आधारे बेथलेहेमाचे नाव सांगितले. प्रश्न 'कोठे' असा होता आणि उत्तरात गावाचा पत्ता मिळाला. भाकीतच काढून टाकले, तर 'पूर्ण व्हावे म्हणून' हे मत्तयाचे पालुपद कशाच्या आधारावर उभे राहणार?

दांडिया बाजार:
मी ख्रिस्ती नाही, परंतु कीर्तने पुष्कळ ऐकली आहेत. पूर्वरंगात अभंगाचे निरूपण होते आणि उत्तररंगात त्याला साजेसे आख्यान लावले जाते, तसेच मत्तयाचे दिसते. मात्र अभंग या आख्यानासाठीच रचला होता, असे बुवा कधी म्हणत नाहीत. येशू मिसरातून (इजिप्तमधून) परतला, याला मत्तय संदेष्टा होशेयाचे ११:१ हे वचन लावतो; पण तेथे मिसरातून बोलावलेला पुत्र म्हणजे इस्राएल राष्ट्र आहे, आणि लगेच पुढच्याच वचनात हा पुत्र बआलमूर्तींना यज्ञ करू लागला, अशी तक्रार आहे. ते वचन येशूला लावणार का? शिवाय लूकच्या शुभवर्तमानातील कथेत मरीया आणि योसेफ ज्या नावनिशीमुळे (जनगणनेमुळे) बेथलेहेमास जातात, ती सीरियाचा रोमी सुभेदार क्विरीनिया याची नावनिशी इ. स. ६ मधली, आणि हेरोद तर इ. स. पू. ४ मध्येच मेला होता.

फतेहगंजकर:
नावनिशीचे हे नऊ-दहा वर्षांचे अंतर मलाही बुजवता येत नाही. होशेयाचे पुढचे वचन मात्र मत्तयाला ठाऊक नसेल, असे मला वाटत नाही; जो पुत्र भरकटला त्याचीच वाट हा पुत्र पुन्हा चालतो, असे त्याला म्हणायचे असावे. राहिला मीखाचा पत्ता. तो याजकांना तोंडपाठ होता, बेथलेहेम यरुशलेमपासून जेमतेम नऊ-दहा किलोमीटरवर होते, तरी त्यांच्यापैकी कोणी तिकडे फिरकल्याचे मत्तय लिहीत नाही. काल मुलीने देखाव्यासाठी शाडूचा बैल केला. एक शिंग वाळताना तुटले, ते तिने काडीपेटीतली काडी खोचून बसवले. गव्हाणीपाशी बैल आणि गाढव होते, असे कोणत्याही शुभवर्तमानात नाही. ते यशया १:३ मधून आले आहेत, जेथे बैल आपल्या धन्याला आणि गाढव त्याची गव्हाण ओळखते, पण माझे लोक मला ओळखत नाहीत, असे देव म्हणतो. भाकीत माहीत असूनही याजक घरीच बसले, हे वाचताना मला हे वचन आठवते.

निजामपुरा:
याजक गेले नाहीत, यात मीखाचा काय दोष? पूर्वेकडून आलेल्या मागी लोकांना (ज्ञानी पुरुषांना) यरुशलेमेत तोच पत्ता मिळाला आणि त्यानंतरच ते बेथलेहेमाला निघाले.